वृद्धाश्रमातील कर्मचाऱ्यांचे सुरक्षा-प्रशिक्षण : संगणकावर की वर्गात?

दांडियाबाजारकर (धागाकर्ते)

नमस्कार. वडोदऱ्यातील एका छोट्या वृद्धाश्रमाच्या कार्यकारी समितीवर मी काही वर्षांपासून काम पाहतो. आमच्याकडे चाळीसच्या आसपास आजी-आजोबा राहतात. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना उठण्या-बसण्यासाठी कोणाचा तरी हात लागतो आणि काही जण पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले आहेत. आया आणि वॉर्डबॉय बहुतांशी छोटा उदेपूर व पंचमहाल भागातून आलेले आहेत. घरी त्यांची बोली वेगळी, कामाची भाषा गुजराती, आणि राहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मराठी असल्यामुळे कामापुरती मराठीही बहुतेकांना येते.

सध्या समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला एका कंपनीचा असून तो संगणकावरील किंवा मोबाइलवरील प्रशिक्षणाचा आहे. आग, विजेचा धक्का, गॅसगळती, वृद्धांना उचलणे-हलवणे, पडण्यापासून बचाव, घशात घास अडकणे आणि संसर्ग-प्रतिबंध असे त्याचे विषय आहेत. प्रत्येक विषयाची चित्रफीत पाहायची, शेवटी काही प्रश्न सोडवायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र घ्यायचे. दुसरा प्रस्ताव नेहमीचा आहे : वर्षातून एकदा बाहेरून प्रशिक्षक बोलवायचे आणि दोन दिवस सभागृहात वर्ग भरवायचा. कर्मचारी तीन पाळ्यांत काम करत असल्यामुळे सर्वांना एकाच वेळी सभागृहात बसवणे आम्हाला कधीच जमत नाही, म्हणून माझा कल पहिल्या प्रस्तावाकडे आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. केवळ ‘दोन्ही करा’ असे उत्तर देऊन थांबू नये ही विनंती, कारण पैसा आणि वेळ दोन्ही मोजकेच आहेत.

शून्यप्रहर

माझे मत वर्गाला. संगणकावरच्या परीक्षेत लागलेली आग माउसने विझते, एवढा एकच दोष मला त्या पद्धतीत दिसतो, पण तो पुरेसा मोठा आहे.

आज्ञावलीकार

अशा प्रकारचे अभ्यासक्रम तयार करणे हा माझा व्यवसाय आहे, तेव्हा माझे मत त्या हिशेबाने वाचावे. शून्यप्रहर यांचा विनोद चांगला आहे, परंतु वर्षातून एकदा भरणाऱ्या वर्गाचे वास्तवही त्यांनी पाहायला हवे. वर्ग जानेवारीत झाला आणि नवी आया फेब्रुवारीत कामाला लागली, तर पुढचा जानेवारी उजाडेपर्यंत ती काहीही न शिकता रात्रीची जबाबदारी सांभाळते. या क्षेत्रात माणसे टिकत नाहीत. होळीला आणि त्यानंतरच्या कवांटच्या मेळ्याला गावी गेलेली मुलगी परत येईलच याची खात्री कोणी देत नाही, आणि तिच्या जागी आलेल्या मुलीसाठी कोणी पुन्हा प्रशिक्षक बोलावत नाही. मोबाइलवरचा धडा मात्र ती रुजू झाली त्याच दिवशी उपलब्ध असतो.

दुसरा मुद्दा विसरण्याचा. उजळणी नसेल तर शिकलेले पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने गळून जाते, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मांडले होते. दोन दिवस सलग ऐकवून वर्षभर गप्प राहणे ही शिकवण्याची नव्हे, विसरवण्याची पद्धत आहे. पाच मिनिटांचा एक धडा दर पंधरवड्याला पाहिला, तर तेवढ्याच खर्चात वर्षभर उजळणी होत राहते. शिवाय कोणी काय पाहिले आणि कोणत्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळले, याची नोंद हाती राहते. सभागृहातील हजेरीपटावरून यातले काहीही कळत नाही.

पांढरीटोपी

आज्ञावलीकार यांचा पहिला मुद्दा मला पूर्णपणे पटतो, तरीही मी वर्षानुवर्षे वॉर्डात आयांना शिकवले असल्यामुळे एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवते. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवण्याच्या पायऱ्या कोणालाही पडद्यावर शिकवता येतात. खुर्ची पलंगाला तिरकी आणि रुग्णाच्या सबळ बाजूला लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, रुग्णाचे तळवे जमिनीवर टेकवून त्याला पुढे झुकवायचे, आणि स्वतःचे गुडघे वाकवून, पाठ न वाकवता, सांगून-मोजून उठवायचे. परीक्षेत हा क्रम लावायला दिला तर सर्व जणी पैकीच्या पैकी गुण मिळवतील.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आजी अर्ध्या उठलेल्या असतात, त्यांचा गुडघा मुडपतो, आणि त्याच क्षणी आयेचे हात आपोआप त्यांच्या काखेत जातात आणि ती त्यांना वर ओढते. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा अशा ओढण्याने दुखावतो, प्रसंगी निखळतो. आयेला हे माहीत असते, विचारले तर ती अचूक सांगते, परंतु हातांना ते ठाऊक नसते. हातांना शिकवण्यासाठी कोणीतरी तिच्या मागे उभे राहून, तिच्या पाठीवर तळवा ठेवून, ‘इथून नाही, गुडघ्यातून वाक’ असे त्या क्षणी म्हणावे लागते, आणि ते एकदा म्हणून भागत नाही.

तेव्हा माझे मत वर्गाला आहे, पण सभागृहातल्या वर्गाला नाही. पलंगाशेजारी, दोन-तीन जणींच्या गटात, त्यांच्याच पाळीत, त्यांच्याच आजी-आजोबांना घेऊन हे शिकवायला हवे.

जुनाबंब

अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे, म्हणून फक्त आगीबद्दल लिहितो.

लाल बाटला कसा चालवायचा हे पडद्यावर चार वाक्यांत सांगून होते : पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, दांडी दाबा, डावीकडून उजवीकडे झाडत राहा. आता एखाद्या आयेच्या हाती खरा बाटला द्या. घाबरलेला माणूस तो उचलताना दांडी घट्ट आवळतो आणि त्याच वेळी पिन ओढू पाहतो. दाबलेल्या दांडीत पिन चिमटली जाते आणि कितीही ओढली तरी निघत नाही. मग ‘हा बिघडलेला आहे’ असे म्हणून माणूस तो तिथेच टाकून पळतो. बाटला जमिनीवर टेकवून, दांडी मोकळी सोडून, पिन किंचित पिळून ओढली की तिच्यावरची प्लॅस्टिकची बारीक पट्टी तुटते आणि पिन हातात येते. हे एकदा स्वतःच्या बोटांनी केलेला माणूस सहसा विसरत नाही, आणि वीस वेळा नुसते पाहिलेला माणूस हमखास चुकतो.

आणखी दोन गोष्टी हातात धरल्याशिवाय कळत नाहीत. सहा किलो पावडरचा बाटला भरलेला असताना एकूण नऊ-दहा किलोंच्या घरात जातो, आणि तो चालू केल्यावर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. लांबूनच दांडी दाबून सुरुवात करणाऱ्याची पावडर आगीपर्यंत पोहोचण्याआधीच संपते. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याचा भोंगा उघड्या हाताने धरला तर थंडीने हात भाजतो, हे तर कित्येक सुशिक्षितांनाही माहीत नसते.

एवढे लिहूनही सांगतो की, वृद्धाश्रमात आग विझवणे हे पहिले काम नव्हेच. माणूस खोलीबाहेर काढणे, दार ओढून घेणे आणि हाक देणे ही पहिली कामे. कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आग लागली, आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली. त्यांतील बहुतेक जण ज्वाळांनी नव्हे, वरच्या मजल्यांवर पसरलेल्या धुराने गुदमरले. आपल्या शेजारच्या भरूचमध्ये १ मे २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर कोविड रुग्णालयात आग लागून १८ जण गेले, त्यांत दोन परिचारिका होत्या. दोन्ही वेळा वेळ रात्रीची होती, हे ध्यानात घ्यावे.

दांडियाबाजारकर, आपल्याकडे रात्रपाळीला किती माणसे असतात?

तिसरीघंटा

जुनाबंब काका, ही पिन चिमटण्याची गोष्ट आमच्या सोसायटीच्या गटावर पाठवली. आता तीन जण खाली जाऊन बाटल्याकडे संशयाने पाहत उभे आहेत.

रात्रपाळी

मी एका निवासी सेवागृहात पर्यवेक्षिका आहे. इथे वर्गाची बाजू घेणाऱ्यांनी वर्ग फक्त आखलेला पाहिला असावा, भरलेला पाहिला नसावा, असे वाटते. आमच्याकडचा एक वर्ग सांगते. पाहुण्यांचे स्वागत, शाल-श्रीफळ, विश्वस्तांचे मनोगत, आणि अग्निसुरक्षेच्या त्या कार्यक्रमाचे उद्घाटन रीतसर दीपप्रज्वलनाने. त्यानंतर दीड तास पडद्यावर इंग्रजी तक्ते आणि समोर हिंदी भाषण. प्रात्यक्षिकाची वेळ आली तेव्हा एका उत्साही वॉर्डबॉयने बाटला चालवला आणि बाकीच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. रात्री मजल्यावर असतात त्या बायका, वॉर्डबॉय नव्हे. छायाचित्रे छान आली, फाइलला लागली.

याहून महत्त्वाचे पुढे आहे. शेवटी ‘काही प्रश्न आहेत का?’ असे विचारले गेले. पहिल्या रांगेत विश्वस्त बसलेले असताना ‘दुसऱ्या मजल्यावरच्या गीझरचा प्लग ठिणग्या टाकतो आणि आम्ही तीनदा सांगूनही तो कोणी बदललेला नाही’ असे कोणती आया उठून म्हणेल? दुसऱ्या दिवशी भांडी घासण्याच्या मोरीपाशी मात्र तीच बाई मला हे सर्व सविस्तर सांगत होती.

म्हणून माझी मागणी एवढीच की, वर्ग घ्यायचा असेल तर विश्वस्तांनी खोलीबाहेर बसावे. आणि आज्ञावलीकार दादा, तुमच्या मोबाइलच्या धड्यात हा गीझरचा प्लग कोणाला सांगायचा?

आज्ञावलीकार

रात्रपाळीताई, त्यासाठी धड्यात छायाचित्र पाठवण्याची सोय ठेवता येते. परंतु ते छायाचित्र शेवटी विश्वस्तांकडेच जाणार असेल, तर अडचण होती तिथेच राहते, हे प्रांजळपणे मान्य करतो.

अंगठाबहाद्दर

मोबाइलवरच्या प्रशिक्षणाचा आमच्या संस्थेतील अनुभव असा : कार्यालयातील एका मुलाने एका दुपारी चहा पीत पीत सर्वांच्या नावाने सर्व परीक्षा दिल्या. सगळे उत्तीर्ण झाले. स्वयंपाकीण बाई तर संसर्ग-प्रतिबंधात संस्थेत पहिल्या आल्या आणि त्या वेळी त्या गावाला गेलेल्या होत्या.

आकडेमोड

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून संशोधनाची थोडी भर घालतो. २००६ साली ट्रेसी सिट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील आणि वर्गातील प्रशिक्षणाची तुलना करणाऱ्या ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निव्वळ माहिती लक्षात राहण्याच्या बाबतीत इंटरनेटवरील प्रशिक्षण सरासरी ६ टक्क्यांनी सरस ठरले, तर कृती करता येण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच निघाले. गंमत अशी की, दोन्हीकडे शिकवण्याची रीत एकसारखी ठेवली तेव्हा तो ६ टक्क्यांचा फरकही उरला नाही. म्हणजे फरक पडद्यामुळे पडत नाही, पडद्यावर किंवा वर्गात शिकणाऱ्याकडून काय करवून घेतले जाते त्यामुळे पडतो.

त्याच वर्षी मायकेल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ कामगार-सुरक्षेच्या प्रशिक्षणावरील ९५ अभ्यास तपासले. त्यांत सुमारे २१ हजार कामगारांचा समावेश होता. त्यांनी पद्धतींच्या तीन पायऱ्या केल्या. सर्वांत खाली व्याख्यान, पत्रके आणि चित्रफिती. मध्ये शिकणाऱ्याला उत्तर द्यायला लावून चूक-बरोबर सांगणाऱ्या पद्धती, ज्यांत संगणकावरील धडेही आले. आणि सर्वांत वर प्रत्यक्ष करून दाखवणे व करवून घेणे. ज्ञान आणि कौशल्य मिळवून देण्यात सर्वांत वरची पायरी सर्वांत खालच्या पायरीच्या सुमारे तिप्पट परिणामकारक ठरली.

आता दांडियाबाजारकर यांचे दोन प्रस्ताव या पायऱ्यांवर ठेवून पाहा. सभागृहातील भाषण आणि मोबाइलवरची चित्रफीत या दोघी एकाच, सर्वांत खालच्या पायरीवर शेजारी-शेजारी बसतात. चित्रफितीनंतरचे प्रश्न जर चुकलेल्या उत्तराचे कारण समजावून सांगत असतील, तर कंपनीचा प्रस्ताव सभागृहाच्या अर्धी पायरी वरच जातो. पांढरीटोपी यांचा पलंगाशेजारचा वर्ग सर्वांत वर आहे, आणि तो या दोन्ही प्रस्तावांत नाही.

टेम्सकाठचा

मूळचा फतेगंजचा, सध्या इंग्लंडात एका केअर होममध्ये व्यवस्थापक आहे. इथे एप्रिल २०१५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ आहे. सुरुवातीला त्यात १५ मानके होती. पुस्तकी भाग बहुतेक संस्था संगणकावरच उरकतात, परंतु कर्मचाऱ्याला काम करताना कोणीतरी जाणत्याने पाहिल्याशिवाय ते पूर्ण झाले असे धरले जात नाही. वृद्धांना हलवणे आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबणे यांसारख्या गोष्टी नुसत्या पडद्यावर उरकता येत नाहीत.

अमेरिकेचेही थोडे माहीत आहे, कारण आमची मूळ कंपनी तिकडची आहे. तिथल्या केंद्रीय नियमांनुसार नर्सिंग होममधील साहाय्यकाला आधी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते, त्यांतील १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे असतात, आणि पुढे दरवर्षी १२ तास असतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीच्या कामगार-सुरक्षा नियमात तर शिकवणाऱ्याला प्रश्न विचारण्याची संधी मिळालीच पाहिजे अशी अट आहे. त्यामुळे संगणक सुरू करून देऊन मोकळे होणे तिथे पुरेसे मानले जात नाही. रात्रपाळीताईंचा गीझरचा प्लग नेमका इथे बसतो.

इकडे सर्व आदर्श आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. इथेही लोक मध्यरात्री सोफ्यावर बसून ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत प्रमाणपत्रे गोळा करतात. अंगठाबहाद्दर यांच्या संस्थेतला मुलगा आमच्याकडेही नोकरीला आहे.

लेकीचा_जीव

माझी आई अशाच एका ठिकाणी राहते. चर्चा वाचून भीती वाटू लागली आहे. आम्ही नातेवाइकांनी भेटीला गेल्यावर काय विचारावे? प्रमाणपत्रांच्या चौकटी तर स्वागतकक्षात ओळीने लावलेल्या असतात.

पांढरीटोपी

लेकीचा_जीव, चौकटींकडे पाहू नका. आईजवळ त्या वेळी जी आया असेल तिला सहज विचारा, ‘बेन, रात्री या खोलीत धूर झाला तर आईला तुम्ही एकट्या कशा बाहेर काढाल?’ तिने लगेच चादरीकडे किंवा गादीकडे हात दाखवला, तर तिला कोणीतरी खरोखर शिकवले आहे असे समजावे. ती ‘साहेबांना विचारते’ म्हणाली, तर आपणही साहेबांनाच विचारावे. थंडीत आणखी एक पाहावे : आंघोळीच्या पाण्यात आया आधी आपले कोपर बुडवते की नाही. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते आणि पाणी कढत आहे हे त्यांना वेळेत कळत नाही, म्हणून पाणी ४३-४४ अंशांच्या वर असू नये.

विश्वामित्रीकाठ

मी बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका वसतिगृहात मदतीला जातो. मंडळी तिशी-पस्तिशीची आहेत, तरी आम्ही सगळे त्यांना मुलेच म्हणतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हाचा प्रसंग इथे उपयोगी पडेल, कारण आग सोडून दुसऱ्या संकटाचा उल्लेख धाग्यात अजून आलेला नाही, आणि वडोदऱ्यात पुराचा धोका आगीपेक्षा कमी मानण्याचे कारण नाही. ३१ जुलै २०१९ चा पाऊसही सर्वांना आठवत असेल.

तळमजल्यावरच्या सर्वांना पहिल्या मजल्यावर न्यायचे होते आणि वीज गेल्यामुळे लिफ्ट बंद होती. चालू न शकणाऱ्यांना हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलले, परंतु जिन्याच्या वळणावर खुर्चीचे हात भिंतीला आणि कठड्याला अडकू लागले. मग जेवणघरातल्या बिनहाताच्या लोखंडी खुर्च्या आणल्या, मुलांना ओढणीने खुर्चीला बांधले आणि वर नेले. दुसरी अडचण एका मुलाची होती. त्याला पाण्याची भीती वाटते आणि घाबरला की तो कोणालाही अंगाला हात लावू देत नाही. त्याला नेहमी वाढणाऱ्या मावशींनी त्याच्याशी एक शब्द न बोलता त्याची स्टीलची थाळी उचलली आणि त्या जिना चढू लागल्या. तो निमूटपणे त्यांच्यामागे वर गेला.

कोणत्याही कंपनीच्या धड्यात आमच्या जिन्याचे वळण नाही आणि त्या मुलाची थाळीही नाही. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाच्या भाषणातही ती नसणार. या दोन्ही गोष्टी फक्त तिथे काम करणाऱ्यांना माहीत असतात, आणि त्या मावशी सुटीवर असत्या तर दुसऱ्या कोणालाच त्या माहीत नव्हत्या. पूर ओसरल्यावर आम्ही प्रत्येक मुलाच्या पलंगाशी एक पुठ्ठा लावला : कशाला घाबरतो, कोणाचे ऐकतो, कसा उचलावा.

शून्यप्रहर

या प्रतिसादानंतर विनोद सुचत नाही. पुठ्ठ्याची कल्पना आमच्या संस्थेपर्यंत पोहोचवतो.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. जुनाबंब काकांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : रात्री दोन आया आणि दारावर एक चौकीदार, एवढीच माणसे असतात. हे इथे लिहिताना माझ्या लक्षात येते की, दोन्ही प्रस्तावांवर समितीत जेवढी चर्चा झाली, तिच्यात रात्रपाळीचा उल्लेख फक्त ‘त्यांना वर्गाला कसे बोलवायचे’ या अडचणीपुरताच झाला होता.

कंपनीला मी दोन गोष्टी विचारल्या. धडे गुजरातीत, साध्या बोलण्यातल्या गुजरातीत, देता येतील असे ते म्हणतात. प्रात्यक्षिक मात्र त्यांच्या प्रस्तावात नाही. त्यामुळे समितीपुढे आता असा विचार मांडणार आहे की, जे ऐकून-पाहून कळते तेवढेच, म्हणजे हात केव्हा धुवायचे, गॅसचा वास आल्यावर बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, १०१ आणि १०८ या क्रमांकांवर काय सांगायचे, हे मोबाइलवर द्यावे, आणि नव्या माणसाने ते पहिल्याच आठवड्यात पाहावे. सभागृहातील दोन दिवसांचा वर्ग रद्द करून त्या पैशांत एखाद्या अनुभवी परिचारिकेला आणि अग्निशमनातील जाणकाराला दर काही आठवड्यांनी एकेका पाळीत तासाभरासाठी बोलवावे. एक शंका राहते : रात्रीचा सराव आधी सांगून करावा की न सांगता?

जुनाबंब

न सांगता. आग आधी कळवून येत नाही.

पांढरीटोपी

जुनाबंब काका, इथे मी आपल्याशी सहमत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना रात्री दोन वाजता घंटा वाजवून उठवले, तर त्या अंधारात धावतील, पडतील आणि खुब्याचे हाड मोडून घेतील. त्या वयात खुब्याच्या अस्थिभंगातून कित्येक जण पुन्हा उभे राहत नाहीत. सुरक्षेच्या सरावात माणूस जायबंदी करणे कोणाच्याच हिताचे नाही.

जुनाबंब

आपला आक्षेप रास्त आहे. मग असे करावे : घंटा वाजवू नये आणि आजी-आजोबांना हलवूही नये. एका रिकाम्या पलंगावर कर्मचाऱ्यांपैकीच एकीला झोपवावे आणि दुसरीने तिला चादरीसकट जमिनीवर उतरवून शेजारच्या खोलीत ओढत न्यावे. जिन्यावरून खाली नेण्याचा हट्ट पहिल्या मिनिटांत धरू नये. आग असलेल्या खोलीचे दार लावून, त्याच मजल्यावर दूरच्या सुरक्षित बाजूला सर्वांना नेणे दोन बायकांच्या आवाक्यातले आहे, चाळीस माणसे खाली नेणे नाही. डोक्याकडच्या बाजूने ओढावे, म्हणजे डोके उचललेले राहते. खोलीच्या उंबरठ्यावर चादर कशी अडते आणि पाठीला काय लागते, हे झोपलेलीला कळेल आणि ओढणारीला वजन कळेल. मग जागा बदलावी.

व्हीलचेअर उंबरठ्यावरून नेताना ती उलटी फिरवून मोठी चाके आधी घ्यावीत. पुढची लहान चाके अडली की बसलेला माणूस तोंडावर पडतो.

बाटल्यांसाठी वेगळा खर्च करू नये. ज्यांची पुनर्भरणाची तारीख जवळ आली आहे ते नाहीतरी रिकामे करूनच भरायचे असतात. भरायला देण्याआधी ते आवारात, प्रत्येक आयेच्या हातून चालवून घ्यावेत. एका बाटल्यात दोघी-तिघींना थोडे थोडे दाबता येते. आणि रात्री बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप असते का? किल्ली कोणाकडे असते?

दांडियाबाजारकर

कुलूप असते आणि किल्ली चौकीदाराकडे असते. आजोबांपैकी एक जण रात्री बाहेर निघून जातात, म्हणून कुलूप लावायला सुरुवात केली होती. दुसरी किल्ली प्रत्येक मजल्यावर, आयांच्या हाताशी पण आजोबांच्या नजरेआड ठेवण्याची व्यवस्था याच आठवड्यात करतो. त्यासाठी समितीच्या ठरावाची गरज नाही.

आज्ञावलीकार

आपल्या इमारतीचाच एक पाच मिनिटांचा धडा मोबाइलवर चित्रित करून देण्याची माझी तयारी आहे, मोबदला नको. किल्ली कुठे, मुख्य विजेचे बटण कुठे, बाटले कुठे, चादरीवरून ओढणारी आया आपलीच आणि आवाजही तिचाच. नवी मुलगी रुजू झाली की पहिल्या दिवशी हाच दाखवावा. कंपनीचे धडे नंतर.

रात्रपाळी

दांडियाबाजारकर, आराखडा चांगला आहे, फक्त एक अट जोडावी. प्रशिक्षणाचा तास पगारी धरावा आणि तो पाळीच्या आत घ्यावा. रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी आठ वाजता ‘तासभर थांब, वर्ग आहे’ असे सांगितले, तर ती थांबेल, सहीसुद्धा करेल, पण शिकणार नाही. सुटीच्या दिवशी बोलावले तर बसभाड्याचे पैसेही तिच्याच पदरचे जातात. मोबाइलवरच्या धड्यांनाही हेच लागू आहे. ते घरी, स्वतःच्या डेटावर, स्वयंपाक करता करता पाहायला लावू नयेत. रात्री अकरा ते बारा हा आमच्याकडे त्यातल्या त्यात शांत तास असतो. औषधे देऊन झालेली असतात आणि कूस बदलण्याची पुढची फेरी व्हायची असते. परिचारिकाबाईंना त्या वेळेला बोलावता आले तर पाहावे.

दांडियाबाजारकर

पगारी तासाची अट मान्य आहे. समितीपुढे ती खर्चाच्या पहिल्या ओळीत ठेवतो, कारण शेवटच्या ओळीत ठेवलेली गोष्ट आमच्याकडे कापली जाते. रात्री अकरा वाजता येणाऱ्या परिचारिका मिळणे अवघड दिसते. कारेलीबाग किंवा मांजलपूर भागातील कोणी निवृत्त भगिनी तयार असतील, तर कृपया मला व्यक्तिगत संदेश पाठवावा. नेण्या-आणण्याची जबाबदारी आमची.